मदत हवी आहे: 'ड्रॅगन्स डॉग्मा २'वर लेख लिहितेय, समीक्षकांचे गुण आणि खेळाडूंचा राग यांचा मेळ कसा घालू?

नमस्कार मंडळी,

'ड्रॅगन्स डॉग्मा २'वर एक मोठा लेख लिहायला घेतलाय आणि पंधरा दिवस झाले, दुसऱ्या परिच्छेदापुढे गाडी सरकत नाहीये. गेम मी दोनदा पूर्ण केलाय, मनापासून आवडलाय, त्याबद्दल लिहायला अडचण नाही. अडलंय ते त्याच्या स्वागताबद्दल लिहिताना. म्हणून इथे विचारते.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. कॅपकॉम या जपानी कंपनीचा पहिला 'ड्रॅगन्स डॉग्मा' मे २०१२ मध्ये आला. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो, 'डेव्हिल मे क्राय'चे ३, ४ आणि ५ हे भाग ज्यांनी केले ते. समीक्षकांनी तेव्हा शंभरपैकी सत्तरीच्या घरातले गुण दिले. लढाईचं, राक्षसांच्या अंगावर चढून वार करण्याचं कौतुक झालं, पायपिटीबद्दल कुरकुर झाली. पण ज्यांना तो भिडला त्यांनी तो उराशी धरून ठेवला. दुसरा भाग यायला जवळजवळ १२ वर्षं गेली. तो आला २२ मार्च २०२४ ला, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर.

आता घोळ असा. परीक्षणं विक्रीच्या आधीच आली आणि मेटाक्रिटिक या समीक्षकांचे गुण गोळा करणाऱ्या साइटवरची सरासरी ८० च्या बरीच वर गेली. विक्री सुरू झाली त्याच दिवशी स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, खेळाडूंचा शेरा मात्र होता 'बहुतांशी नकारात्मक'. आणि त्याच दिवसांत स्टीमवर एका वेळी २ लाख २५ हजारांहून जास्त लोक तो खेळत होते, मार्च संपेपर्यंत २५ लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. म्हणजे समीक्षक खूश, खेळाडू संतापलेले, आणि संतापलेले खेळाडूच रात्र रात्र खेळतायत. हे चित्र एका वाक्यात मांडायला गेलं की वाक्यच खोटं वाटायला लागतं.

रागाची कारणं मी उतरवून काढली आहेत. पीसीवर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) कोसळत होता, विशेषतः गेममधल्या व्हर्नवर्थ शहरात. कॅपकॉमनेच सांगितलं की प्रत्येक पात्रामागे सीपीयूवर मोठा भार पडतो, त्यामुळे गर्दीत ताण येतो. नवा गेम सुरू करायची सोय सुरुवातीच्या मेनूत नव्हती आणि खेळ जतन करायची जागा (सेव्ह) एकच. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे विक्रीच्या दिवशी दुकानात दिसलेली, खऱ्या पैशांनी घ्यायच्या छोट्या छोट्या वस्तूंची यादी: साथीदार भाड्याने घ्यायला लागणारे रिफ्ट क्रिस्टल, मेलेल्याला उठवणारे वेकस्टोन, चेहरामोहरा बदलायचं पुस्तक, तुरुंगाची किल्ली, आणि एक पोर्टक्रिस्टल.

त्या पोर्टक्रिस्टलपाशीच माझा लेख अडलाय. या गेममध्ये झटकन दुसरीकडे जायचं तर फेरीस्टोन खर्च करावा लागतो, आणि जिथे पोर्टक्रिस्टल आहे तिथेच जाता येतं. दोन्ही मोजकेच मिळतात. नाहीतर चालायचं, किंवा बैलगाडीत बसायचं. विक्रीच्या काही महिने आधी इत्सुनो मुलाखतीत म्हणाले होते की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष गेमचा आहे, वाटेत काहीतरी घडायला हवं.

आणि घडतं! माझ्या पहिल्या खेपेला मी बैलगाडीत बसून डुलकी घेतली. जाग आली ती किंचाळण्याने. गाडीवर ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि पंख असलेला सिंह) उतरला होता, फळ्यांच्या चिंध्या, बैल पळालेला, गाडीवान उताणा. माझा धनुर्धारी साथीदार ग्रिफिनवर बाण सोडतोय आणि मी घाईत त्याच्या मागच्या पायाची पिसं धरली. तो उडाला. खाली जंगल लहान लहान होत गेलं, तग धरायची पट्टी संपत आली, हात सोडला तर मरण. त्याने मला थेट आपल्या घरट्यापाशी नेलं, नकाशाच्या अशा भागात जिथे माझं जायचं काही कारणच नव्हतं. तिथून परत यायला मला दोन संध्याकाळी लागल्या, अंधारात कंदिलाचं तेल जपत. झटकन परतायची सोय हाताशी असती तर यातलं काहीही घडलं नसतं.

समीक्षकांनी बहुधा याच अनुभवाला गुण दिले. कथा पातळ आहे, शत्रू तेच तेच आहेत, गॉब्लिन आणि सरडेमाणसं मारून हात दुखतात, हे जवळपास प्रत्येकाने लिहिलं आणि तरी गुण भरपूर दिले. आणि खेळाडूंनी याच टंचाईवर आग पाखडली, कारण त्यांना ती दुकानाच्या यादीशेजारी दिसली.

तर मला मदत हवी आहे ती अशी. मेटाक्रिटिकचा आकडा आणि स्टीमचा शेरा शेजारी शेजारी ठेवणं बरोबर आहे का? लेखात मी विक्रीच्या दिवसाचा गेम धरू की नंतर पॅच (दुरुस्तीचं अपडेट) आलेला? आणि त्या पोर्टक्रिस्टलबद्दल न्याय्य लिहायचं तर कसं लिहू? मी या गेमच्या बाजूची आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच भीती वाटते की समोरच्या रागाला मी हलकं करून टाकेन.

एक छोटा प्रश्न भाषेचाही आहे. 'पॉन'ला, म्हणजे आपल्याबरोबर फिरणाऱ्या, गेमच चालवतो त्या साथीदारांना, काय म्हणू? तात्पुरतं 'प्यादं' लिहिलंय.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शेजारी ठेवा, पण एकाच मापाचे आहेत असं भासवू नका. मेटाक्रिटिकचा आकडा ही गुणांची सरासरी आहे, गेम किती चांगला वाटला याचं माप. स्टीमवर फक्त अंगठा वर किंवा खाली. तिथली टक्केवारी सांगते की किती जणांनी शिफारस केली. समजा १०० जणांना गेम ठीकठाक वाटला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला, तर १०० टक्के. समजा ६० जणांना प्रचंड आवडला आणि ४० जणांच्या मशीनवर तो चाललाच नाही, तर ६० टक्के आणि शेरा 'संमिश्र'. 'बहुतांशी नकारात्मक' म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली.

स्टीमवर परीक्षणांचा तारखेनुसार आलेख असतो, तो उघडून बघा. खेळलेल्या तासांनुसारही गाळता येतं. पहिल्या दोन दिवसांतली आणि ३०-४० तास खेळलेल्यांची वेगळी वाचा. तुमचा लेख तिथेच अर्धा लिहून होईल.

धागाकर्ती

खूप आभार. आलेख बघायचं सुचलंच नव्हतं. तासांनुसार गाळून वाचते आहे. एक गोष्ट लगेच दिसली: जास्त तास खेळलेल्या बऱ्याच जणांनी अंगठा खालीच ठेवलाय आणि मजकुरात मात्र गेमचं कौतुक केलंय. 'गेम अप्रतिम आहे, पण असं विकणं मला मान्य नाही' या धर्तीचं. म्हणजे अंगठा त्यांनी गेमला दाखवलेलाच नाही.

प्रतिसाद २

तुमचं हे शेवटचं वाक्यच लेखाचा कणा आहे असं मला वाटतं. 'समीक्षक विरुद्ध खेळाडू' ही मांडणी सोडून द्या. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल लिहिलं. समीक्षकाने विक्रीआधी हातात आलेला खेळ तोलला, खेळाडूने विकत घेतलेली वस्तू. दुकानाची यादी उघड झाली तोवर परीक्षणं छापून झाली होती, हे लेखात यायलाच हवं.

पण पोर्टक्रिस्टलबद्दल मी तुमच्याइतका मवाळ नाही, आणि मी पहिल्या भागापासूनचा चाहता आहे. आधी वस्तुस्थिती नीट लिहा, कारण तेव्हा बरीच चुकीची माहिती पसरली होती. फेरीस्टोन त्या यादीत नव्हता. विकायला होता तो एक पोर्टक्रिस्टल. यादीतल्या वस्तू गेममध्ये खेळूनही मिळतात, आणि कॅपकॉमने स्टीमवरच्या निवेदनात तेच सांगितलं, दिलगिरीही व्यक्त केली. त्यामुळे 'पैसे भरल्याशिवाय प्रवास नाही' हा आरोप खोटा होता.

तरीही राग खोटा नव्हता. टंचाई हा या गेमचा आत्मा आहे. ठेच लागली की आयुष्याची कमाल पट्टीच आखडते आणि तळ ठोकून किंवा सराईत झोपल्याशिवाय ती सहसा भरत नाही. ओझं वाहताना पाय जड होतात. तेल संपतं, दगड संपतात. हे सगळं सहन करायला खेळाडू तयार असतो, कारण त्याचा दिग्दर्शकावर विश्वास असतो की हे माझ्या भल्यासाठी केलंय. त्याच टंचाईवरचा उतारा, एकच का असेना, शेजारी पैशाने मिळतोय असं दिसलं की तो विश्वास डळमळतो. मग प्रत्येक लांब वाटेवर मनात येतं, ही वाट लांब आहे ती गंमत म्हणून की दुकान चालावं म्हणून? गेम काडीमात्र बदललेला नाही, पण आता त्याच वाटेवर पाय दुखायला लागतात. तुमचा ग्रिफिन ज्याला भेटला त्याला हा प्रश्न पडत नाही. बाकीच्यांना पडतो.

आणखी एक दुवा जोडा. पहिल्या भागाच्या 'डार्क अराइझन' आवृत्तीत न संपणारा फेरीस्टोन होता. पीसीवर २०१६ मध्ये जे लोक आले त्यांनी हा गेम तसाच ओळखला. त्यांच्या दृष्टीने दुसऱ्या भागाने हातातली गोष्ट काढून घेतली. इत्सुनोंच्या दृष्टीने ते मूळ विचाराकडे परत जाणं होतं. एकाच सेव्हचंही तसंच, ती रीत पहिल्या भागापासूनची आहे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: तारीख लिहा आणि दोन्ही लिहा. मार्च २०२४ संपता संपताच नवा गेम सुरू करायची सोय आली आणि ते चेहरा बदलायचं पुस्तक गेममधल्या दुकानात ९९ पर्यंत मिळू लागलं. कन्सोलवर फ्रेमरेट ३० ला बांधायचा पर्याय आला. शहरातली गती बऱ्यापैकी सुधारली ती सप्टेंबर २०२४ च्या पॅचमध्ये, तोवर इत्सुनो कॅपकॉम सोडून गेलेही होते. स्वागताबद्दल लिहायचं तर पहिला दिवस हाच पुरावा. गेमबद्दल लिहायचं तर आजचा.

प्रतिसाद ३

वरचा प्रतिसाद पटला. मी फक्त एक भर घालतो. रहस्यभेद आहे, शेवट खेळला नसेल तर पुढच्या प्रतिसादावर जा.

गेम सुरू होतो तेव्हा पडद्यावर नुसतं 'ड्रॅगन्स डॉग्मा' येतं. '२' नाही. तो आकडा येतो खऱ्या शेवटाकडे, जेव्हा समुद्र आटलेलं, लाल झालेलं जग समोर येतं. म्हणजे ६०-७० तास तुम्ही पहिलाच भाग पुन्हा जगत होता आणि आता कुठे दुसरा सुरू होतोय. ज्यांनी पहिल्याच दिवशी वैतागून सोडला ते तिथवर पोचलेच नाहीत. त्यांचा दोष नाही, गेम चालत नसेल तर माणूस किती वाट बघणार? पण स्वागताच्या गोष्टीत हे यावं, कारण वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये याला सर्वोत्तम भूमिकाप्रधान गेमचं नामांकन मिळालं. विक्रीच्या दिवसाचा शेरा बघून ते कोणाला पटलं नसतं.

आणि 'प्यादं' अगदी योग्य. त्यांना स्वतःची इच्छा नसते, आपण चालवू तसं चालतात, ही त्या जगातलीच कल्पना आहे. बुद्धिबळाचा शब्द चपखल बसतो.

प्रतिसाद ४

'प्यादं'ला माझं अनुमोदन, फक्त अनेकवचनात 'प्यादी' वाचायला सोपं जाईल. आणि लेखात त्यांच्याबद्दल जास्त लिहा हो. दुसऱ्या कोणाचं तरी प्यादं माझ्याकडे भाड्याने येतं, अनोळखी फाट्यावर थांबतं आणि म्हणतं की मी इथे माझ्या मालकाबरोबर येऊन गेलोय, चला दाखवतो. लढाई जिंकली की टाळीसाठी हात पुढे करतं. जगात कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाने त्याला तो रस्ता शिकवलेला असतो. गुणांच्या वादात हे कोणीच सांगत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून जुना दुसरा परिच्छेद खोडला. प्रतिसाद २ मधल्या मताशी झोपेपर्यंत भांडत होते, पण शेवटी मान्य केलं. ग्रिफिन मला भेटला म्हणून मला तो प्रश्न पडला नाही, हे खरंच आहे. माझ्या नशिबाला मी गेमचा गुण समजत होते. आता सुरुवात अशी केली आहे:

"२२ मार्च २०२४ ला दोन माणसं एकाच वाटेवरून चालत निघाली. वाट लांब होती, तेल थोडं होतं. एकाला माहीत नव्हतं की हीच वाट आखूड करणारा दगड बाहेर विकायला ठेवलाय. दुसऱ्याने ती यादी निघण्याआधीच वाचली होती."

यापुढे ग्रिफिन येतो, मग दुकान, मग पॅच, तारखांसकट. शेवटातल्या त्या '२'बद्दल लिहायचं की वाचकासाठी राखून ठेवायचं हे अजून ठरत नाहीये. नुसतं 'शेवटपर्यंत जा' एवढंच लिहिलं तर चालेल का? ज्यांनी न सांगता-समजता तो आकडा पडद्यावर पाहिला त्यांनी कृपया सांगा, कारण मला तो आधीच कळला होता.