गिअरबॉक्सच्या सिम्युलेशनमध्ये तेलाचा विरोध एकच आकडा धरणं चूक आहे

तापीकाठ, जळगाव: डाळ मिलच्या एलिव्हेटरच्या (बकेटांनी धान्य वर चढवणाऱ्या यंत्राच्या) गिअरबॉक्सचं मॉडेल करताना बरेच जण शाफ्टवर एक डॅम्पर (फिरण्याला वेगानुसार विरोध करणारा घटक) लावतात, त्याचा गुणांक कायमचा ठरवतात आणि पुढे जातात. खान्देशात तरी हे चालणार नाही. २२० ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ४० अंशांना २२० सेंटीस्टोक, १०० ला विशीच्या आसपास, १० ला हजाराच्या वर. डिसेंबरात पहाटे तेल आखडलेलं असतं, मे महिन्यात शेडमध्येच ४५ अंश. दोन्हींना एकच गुणांक कसा? शिवाय विरोधात गेलेली शक्तीच तेल तापवते, तेल पातळ होतं, विरोध घटतो. हे चक्र मॉडेलमध्ये हवंच.

सातपुडा_यावल: पटत नाही. भरल्या लोडवर मुख्य तोटा दातांच्या घर्षणाचा. तेलासाठी एवढी उठाठेव केली म्हणून मोटर बदलणार आहे का?

तापीकाठ, जळगाव: भरल्या लोडवर कबूल. पण तेल घुसळण्याचा तोटा लोड बघत नाही. बकेट रिकाम्या असल्या तरी तो तेवढाच. आणि पहाटे मोटर ट्रिप होते ती बहुधा सुरुवातीलाच.

टूलरूम_भुसावळ: भो, तुम्ही दोघंही व्हिस्कॉसिटीतच अडकलात. गिअर वेगात आला की जोर लागतो तो तेल बाजूला सारायला. तिथे विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, व्हिस्कॉसिटीचा वाटा फारसा उरत नाही. खरा प्रश्न पातळीचा. आम्ही एकदा झाकणाच्या जागी अॅक्रिलिक लावून पाहिलं. बंद असताना मोठ्या गिअरचे खालचे दात पूर्ण बुडालेले. चालू करताच तेल भिंतींवर उडालं, बेअरिंगच्या खाचांत शिरलं आणि खालची पातळी डोळ्यांदेखत उतरली. बंद गिअरबॉक्सच्या पातळीवरून बुडालेलं क्षेत्रफळ काढाल तर विरोध फुगलेलाच येणार.

तापीकाठ, जळगाव: पहिल्या, वेगवान टप्प्याला मान्य. पण शेवटचा गिअर सर्वांत मोठा, सर्वांत संथ आणि बहुतेक वेळा सर्वांत खोल बुडालेला. गार तेलात तिथे व्हिस्कॉसिटीचंच चालतं. म्हणून प्रत्येक गिअरला स्वतंत्र विरोध द्या, सगळ्यांचा मिळून एक नको.

सातपुडा_यावल: इतके गुणांक आणणार कुठून? त्यापेक्षा लोड काढून गिअरबॉक्स फिरवा, टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) मोजा. मग तेल काढून, दातांवर नुसता हात फिरवल्याइतकं ठेवून, थोडाच वेळ परत मोजा. फरक तो तेलाचा. तक्ता बनवा, मॉडेलमध्ये टाका, संपलं.

तापीकाठ, जळगाव: तक्ता चांगलाच, पण त्याला तेलाच्या तापमानाचाही रकाना हवा. दुपारी घेतलेल्या मोजणीवर पहाटेची मोटर निवडू नका.