रेम्ब्रांटची बाही आणि व्हर्मीरचा पाव

अर्धवटराव
अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये दोन चित्रं बघून आल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. एक व्हर्मीरचं 'मिल्कमेड', म्हणजे दूध ओतणारी मोलकरीण, १६६० च्या आसपासचं. दुसरं रेम्ब्रांटचं 'ज्युईश ब्राइड', म्हणजे एक जोडपं, त्यानंतर पाचसात वर्षांनी काढलेलं. दोघेही डच चित्रकार, दोन्ही तैलरंग, दोन्ही कॅनव्हासवर.

'मिल्कमेड' एवढंसं असेल असं वाटलंच नव्हतं. ४५.५ बाय ४१ सेंटीमीटर, काखोटीला मारून नेता येईल इतकं. (रखवालदार माझ्यावर नजर ठेवून होता, ते उगाच नाही.) लांबून टेबलावरचा पाव असा खरपूस, की कवच मोडल्याचा आवाज यावा. नाक जवळ नेलं तर पाव गायब! नुसते ठिपके, कुणी रवा भुरभुरल्यासारखे.

रेम्ब्रांटच्या नवरदेवाची सोनेरी बाही म्हणजे तर गिलावाच. रंग इतका उठून आलाय की बाजूने बघितलं तर त्याची स्वतःची सावली पडलेली दिसते. बायको म्हणाली, "ह्याने अर्धवट सोडलंय. त्या दूधवालीचं बघ, कसं नीटनेटकं." मी वाद घातला, पण मुद्दा काही सांगता येईना.

तर जाणकारहो, एकाच माध्यमातून इतका वेगळा रंग निघतो कसा? आणि ते ठिपके बघितल्यावर व्हर्मीरला तरी 'नीटनेटका' म्हणावं का?

जवसतेल
हौशी रंगारी बोलतेय, सांभाळून घ्या. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. त्यामुळे जाड थर वरून आधी धरतो. मी एकदा हौसेने बोटभर रंग थापला, वर साय धरली, आत महिनाभर लिबलिबीत, आणि शेवटी पेरू सुकावा तशा सुरकुत्या. तेल जास्त झालं होतं.

रेम्ब्रांटच्या हाताशी शिशाचा सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, होता. तो थोड्या तेलात दाट मळता येतो, लवकर सुकतो आणि ठेवाल तसा उभा राहतो. २०१९ मध्ये संशोधकांना त्याच्या दुसऱ्या काही चित्रांतल्या जाड थरांत प्लम्बोनॅक्राइट नावाचं शिशाचं दुर्मिळ संयुग सापडलं. त्यावरून तो तेलात मुर्दाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) घालत असावा असा त्यांचा तर्क आहे. म्हणजे ती बाही 'सोडलेली' नाही, मुद्दाम तसा रंग घोटून उभी केलेली असावी. वहिनींना सांगा.

खिळा_आणि_सावली
व्हर्मीरच्या नीटनेटकेपणाबद्दल माझी तक्रार आहे. त्या भिंतीवर खिळा आहे, खिळ्याची सावली आहे, भोकं आहेत, खिडकीची एक काच फुटकी आहे. हे नीटनेटकं घर नव्हे! पण नेमकेपणा जबरदस्त. बाईच्या उजव्या हाताच्या जरा वर कॅनव्हासला बारीक छिद्र आहे. तिथे टाचणी खोचून, दोरा ताणून त्याने यथार्थदर्शनाच्या, म्हणजे चित्रात खोली भासवणाऱ्या, रेषा मारल्या.

शिवाय २०२२ मध्ये म्युझियमने जाहीर केलं की आज कोरी दिसते त्या भिंतीवर, तिच्या डोक्यामागे, आधी मडकी टांगायची फळी रेखलेली होती. नंतर ती त्याने रंगाखाली झाकून टाकली. रेम्ब्रांटच्या त्या जोडप्यामागेही धड काही दिसतच नाही. मागे पसारा दोघांनीही ठेवला नाही. एकाने मागे उजेड ठेवला, दुसऱ्याने अंधार.

अर्धवटराव
आभार! सगळं बायकोला वाचून दाखवलं. फुटकी काच आणि खिळा तिने तिथेच पाहिला होता म्हणे, मलाच दिसला नव्हता. मुर्दाडशिंगावर मात्र गप्प बसली.

मग फोटो मोठा करून बघत बसलो. बाही एवढी जाड, पण नवरदेवाच्या हातावर टेकलेली नवरीची बोटं किती पातळ रंगात काढलीत! चित्रकार व्हॅन गॉगने १८८५ मध्ये ह्याच चित्रापुढे म्हटलं होतं की सुक्या पावाच्या तुकड्यावर पंधरा दिवस इथे बसू दिलं तर आयुष्यातली दहा वर्षं देईन. मी बाहीपुढे वीस मिनिटं उभा होतो आणि ती बोटं एकदाही बघितली नाहीत.