शब्दचर्चा : भोवती खंदक असलेल्या घराला काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडच्या मध्ययुगीन खेड्यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. त्यात ‘मोटेड साइट’ वारंवार येतं. ‘खंदकयुक्त स्थळ’ लिहिलं, पण ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं. ‘भुईकोट’ चालेल?

– भुईकोट नको. नगरचा भुईकोट आठवा : तट, बुरूज, तोफा. इंग्लंडातल्या अशा पाच हजारांहून अधिक जागा बहुतेक गावच्या जमीनदारांच्या, काही तर सधन शेतकऱ्यांच्या. खणल्या गेल्या मुख्यतः १२५० ते १३५० च्या दरम्यान. सफोक-एसेक्सच्या चिकणमातीत त्यांची दाटी आहे, कारण तिथे पाणी मुरत नाही. कित्येक ठिकाणी खंदक तीनच बाजूंना! चौथ्या बाजूने चोराने येऊ नये, असा काही करार होता की काय? जमिनीचा निचरा व्हायचा, मासे मिळायचे, चोराचिलटांना थोडा अडसर व्हायचा, हे खरं. पण माझ्या मते खरं कारण थाट. सरदाराच्या किल्ल्याची हौस या लोकांनी आपापल्या ऐपतीत भागवून घेतली.

– मग ‘गढी’? देशमुखांचा दर्जा साधारण तोच.

– दर्जा जुळतो, वास्तू नाही. गढी म्हणजे उंचवटा आणि जाड भिंती. केंटमधलं चौदाव्या शतकातलं आयटम मोट पाहा, भिंती थेट पाण्यातून वर येतात. मी ‘खंदकाचा वाडा’ लिहीन. चौसोपी वाडा, चिरेबंदी वाडा, तसा हा.

– ‘मोट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधला, आणि तिथे त्याचा अर्थ मातीचा उंचवटा! पुढे उंचवट्याचं नाव भोवतालच्या चराला चिकटलं. आपला ‘खंदक’ अरबीतून आला, मूळ फारसी, अर्थ ‘खणलेलं’. विहिरीवरच्या मोटेशी दोन्हींचा संबंध नाही, तेव्हा तो मोह टाळा.

प्रश्नकर्ती : पण बऱ्याच ठिकाणी घर उरलेलंच नाही. शेतात नुसता चौकोनी चर. तिथे वाडा कसा म्हणू?

– तिथे ‘खंदकाची जागा’ पुरे. ‘परिखा’ भारदस्त आहे, पण तो ऐकला की कौटिल्याचा दुर्ग उभा राहतो. आणि बर्मिंगहॅमची ‘मोट लेन’ मजकुरात आली तर नाव तसंच ठेवा. तिथला जमीनदाराचा खंदक १८१० च्या दशकात बुजवून वर बाजार वसवला, एवढं कंसात द्या.