हक्क आणि अधिकार : एकच की दोन?

प्रश्न : राज्यशास्त्राच्या पुस्तकांत कुठे 'नैसर्गिक हक्क' तर कुठे 'नैसर्गिक अधिकार' असं दिसतं. अर्थ एकच धरायचा का?

उत्तर : रोजच्या बोलण्यात चालून जातं, तत्त्वचर्चेत मात्र मी वेगळे ठेवतो. 'हक्क' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ सत्य, आणि ज्याचं त्याला रास्त असलेलं देणं. 'हकीकत' आणि 'नाहक' त्याच घरातले. 'अधिकार' संस्कृत; मीमांसेत, म्हणजे वेदातल्या कर्मांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, तो कर्म करण्याची पात्रता सांगतो, पुढे त्यात सत्ता आली. 'हक्काचं माणूस' आपण म्हणतो, 'अधिकाराचं माणूस' नाही. 'अधिकारवाणी' असते, 'हक्कवाणी' नसते. हक्क म्हणजे दुसऱ्याकडे रास्त मागणं, अधिकार म्हणजे दुसऱ्याची स्थिती बदलण्याची सत्ता. कायद्यातल्या 'राइट' या एकाच शब्दात मागणी, मोकळीक, सत्ता आणि अभय (दुसऱ्याच्या सत्तेपासून संरक्षण) यांची सरमिसळ होते, हे अमेरिकन कायदेपंडित होफेल्डने १९१३ मध्ये दाखवलं.

शंका : पण कायद्याने दिला नाही तर तो हक्क कसला? इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम हक्काला कायद्याचं अपत्य म्हणतो.

उत्तर : इथे क्रियापद बघा. 'हक्क दिला' म्हटलं की देणारा आधी, आणि देणारा काढूनही घेऊ शकतो. 'हक्क मान्य केला' म्हटलं की हक्क आधीचा. १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात राष्ट्रीय सभा हक्क मान्य करते आणि जाहीर करते, देत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकलाही जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता यांवरचे हक्क राज्याआधीचे वाटतात. राज्य त्यांच्या राखणीपुरतं. दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज, त्याचा नैसर्गिक हक्क निराळा : जीव वाचवायला वाटेल ते करण्याची मोकळीक. तिच्यासमोर कुणाचंच कर्तव्य उभं राहत नाही, म्हणून मराठीत 'मुभा' जास्त जवळचा.

बेंथमचा आक्षेप हलका नाही. हक्क असावा असं वाटण्याचं कारण म्हणजे हक्क नव्हे, जशी भूक म्हणजे अन्न नव्हे, असं तो म्हणतो. पण गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हाही त्या माणसांना नाहक छळलं, असंच आपण म्हणू ना? त्या 'नाहक'मधला 'हक' कुठल्या कायद्याने दिला होता? भाषेतली ही खूण मला फार मोलाची वाटते.

शंका : मतदानाचं काय?

उत्तर : दोन्ही. मला मत देऊ द्या, हे मागणं हक्काचं. त्या मताने सरकार बदलतं, तो अधिकार.