उत्तर: सोमाली लोक आणि कूळ
वर म्हटलंय की परदेशात वाढलेली सोमाली पोरं कूळबिळ मानत नाहीत, ते अर्धंच खरंय. अमेरिकेत मिनियापोलिसला माझ्या टीममधला एक जण 'ते सगळं आईबाबांचं' म्हणायचा, पण एकदा चहा पिताना बोटांवर मोजत बाप, आजा, पणजा करत पंधरा नावं धडाधड बोलून गेला, याला ते अबतिर्सी म्हणतात (मला पणजोबांपुढे घाम फुटतो). सोमालियाचा हुकूमशहा सियाद बरेने कुळाचं नाव घ्यायला बंदी घातली तेव्हा लोक कुळाच्या नावाआधी 'एक्स' (म्हणजे 'माजी') लावून सांगायचे म्हणे! हा टीममधला गडी तिकडे सोमालीलँडमध्ये हर्गेसाला गेला तर म्हणे पहिला प्रश्न 'कोणाचा तू?', मग मामा-काका निघतात आणि खिसा हलका. शिवाय वाया चाललेल्या पोराला 'सुट्टी' म्हणून नेऊन तिकडेच ठेवतात, धकन एलिस (म्हणजे 'संस्कृतीकडे परत आणणं') म्हणतात त्याला, म्हणून हा आधी रिटर्न तिकीट स्वतःच्या ताब्यात घेतो.