'लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन' मराठीत कसं म्हणाल?

पिंपळपान
पॉयझन या अमेरिकन ग्लॅम मेटल (भडक नटूनथटून वाजवलेलं दणदणीत रॉक संगीत) बँडवर लेख लिहितेय. १९८६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं हे नाव. मी अर्थ दिला, 'मांजराने काय ओढून आणलंय बघा', आणि आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "उंदीर?"

कुणी विस्कटलेल्या अवस्थेत दारात उभं राहिलं की इंग्रजीत असं म्हणतात. आपल्याकडे काय म्हणतात? शिवाय संपादकांनी 'पदार्पणाचा अल्बम' खोडून 'पहिला अल्बम' केलंय. पदार्पण माणूस करतो, अल्बम नाही, असं त्यांचं मत. मला पटलेलं नाही.

तळमजला
'हा काय अवतार!' चिखलाने बरबटून घरी आलो की आजी उंबऱ्यातच अडवायची, "काय अवतार करून आलायस, आधी पाय धू." मांजर सोडून सगळं आलं त्यात.

जुनी कॅसेट
अवतार अर्धाच बसतो. मुखपृष्ठ आठवा. चौघांचे चार चेहरे, ओठांना लिपस्टिक, गालांवर लाली, फुगवलेले केस. विस्कटलेलं काही नाहीच. ड्रमर रिकी रॉकेट तर केस कापण्याचं, रंगवण्याचं काम शिकलेला. पुष्कळांना त्या चार बायका वाटल्या होत्या. नाव एक सांगतं, चित्र भलतंच.

तळमजला
मग तर अवतारच हवा! लग्नाला भडक नटून निघालेल्यालाही आपण 'हा काय अवतार' म्हणतो. कमी झालं तरी अवतार, जास्त झालं तरी अवतार.

वऱ्हाडवाट
नको असलेला माणूस आला की इंग्रजीत हेच म्हणतात. तिथे आपलं 'उगवले बघा' चालेल. ही मंडळी पेन्सिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गची, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला आली. बाहेरगावच्या पोरांनी पहिल्या अल्बमला असं नाव देणं म्हणजे 'उगवलो बघा' असं स्वतःच सांगणं. मला तरी ते असंच ऐकू येतं.

शुद्धलेखणी
नावाचं राहू द्या, 'ग्लॅम मेटल' तसंच का ठेवता? 'झगमगी धातुसंगीत' म्हणा. वापरलं की रुळतं. 'महापौर'सुद्धा कधीतरी नवाच होता.

जुनी कॅसेट
धातू म्हटलं की मला तांब्यापितळेची भांडी दिसतात, नाहीतर शाळेतलं व्याकरण. गिटार ऐकू येत नाही. मेटल मेटलच राहू दे. ग्लॅमला मात्र आपला शब्द आहे: नट्टापट्टा.

पिंपळपान
नट्टापट्ट्यात टोमणा आहे, आणि तो बहुतेक वेळा बाईला मारलेला असतो. या मुलांनी लिपस्टिक मिरवण्यासाठीच लावली होती.

तळमजला
पुरुषाने नटण्याचे शब्द आपल्याकडे कमी नाहीत. 'स्त्री पार्ट' घ्या, बालगंधर्व घ्या.

पिंपळपान
बालगंधर्व रंगमंचावर बाई होऊन उभे राहत. पॉयझनचा गायक ब्रेट मायकल्स लिपस्टिक लावून पुरुष म्हणूनच गायचा. तो शब्द इथे लावला तर दोघांवरही अन्याय होईल.

वऱ्हाडवाट
पदार्पणाबद्दल. 'कसोटी पदार्पणातलं शतक' आपण रोज वाचतो. पदार्पण खेळाडूचं, शतक त्यात केलेलं. तसंच पदार्पण बँडचं, अल्बम त्यातला. 'पदार्पणाचा अल्बम' बरोबर आहे. संपादकांना कळवा.

शुद्धलेखणी
पद म्हणजे पाऊल, अर्पण म्हणजे ठेवणं. पाऊल रंगमंचावर पडतं, मैदानात पडतं. कॅसेटमध्ये कसं पडेल? 'पहिलावहिला' म्हणा.

जुनी कॅसेट
माझ्या वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. सकाळची पहिली विक्री झाली की ते नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचे आणि म्हणायचे, "भवानी झाली." पहिल्याच फटक्यात खपलेल्या अल्बमला 'भवानीचा अल्बम' का म्हणू नये? अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, तिथेच ३० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं.

पिंपळपान
पण पहिल्या फटक्यात नव्हे. अल्बम काढणारी एनिग्मा ही छोटी कंपनी, अल्बम १९८६चा, आणि त्यातलं 'टॉक डर्टी टू मी' हे गाणं अमेरिकेत पहिल्या दहात पोचलं १९८७ मध्ये. दुकान उघडून बराच वेळ बसल्यावर झालेली भवानी आहे ही.

वऱ्हाडवाट
आमच्याकडे 'बोहनी' म्हणतात. 'भवानी' हे त्याचंच बदललेलं रूप असणार.

जुनी कॅसेट
अजिबात नाही. वडील तुळजाभवानीचं नाव घेऊनच कुलूप काढायचे. देवीच्या नावाने पहिला पैसा, म्हणून भवानी.

शुद्धलेखणी
देवीचा संबंध लोकांनी मागाहून जोडला, असं मला वाटतं. हिंदीत बोहनी आहे, गुजरातीत बोणी आहे. तिथे देवी कुठे आली?

तळमजला
आमचा भाजीवाला दोन्ही म्हणतो. उधारी मागणाऱ्याला "अजून बोहनी नाय झाली", आणि पैसे हातात पडले की "भवानी केलीत, बरं झालं."

वऱ्हाडवाट
तो मूळचा कुठला? विचारून सांगा ना.