ग्लिया पेशींवर जर्नल क्लब: पहिला पेपर कोणता घ्यावा?

मज्जारज्जू: आम्ही एमएस्सीचे आठ जण स्वतःच जर्नल क्लब (मिळून संशोधन पेपर वाचायची बैठक) सुरू करतोय. आठवड्यातून एक तास, विषय ग्लिया, म्हणजे मेंदूत चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी. आधी रिव्ह्यू वाचावा की थेट मूळ संशोधन? शिवाय एकच जण बोलतो आणि बाकीचे ऐकत बसतात, यावर काय करता येईल?

पेशीवाचक: रिव्ह्यू नको. त्यात निष्कर्ष आयते मिळतात, वाद घालायला काही उरत नाही. शेफर आणि सहकाऱ्यांचा 'न्यूरॉन'मधला २०१२ चा पेपर घ्या, पबमेड सेंट्रलवर मोफत आहे. दावा असा: उंदराच्या साधारण पाच दिवसांच्या पिलांत डोळ्यांकडून थॅलॅमसला (मेंदूतलं संवेदना पुढे पाठवणारं केंद्र) आलेली चेतातंतूंची टोकं मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक ग्लिया पेशी) गिळतात, आणि त्यासाठी कॉम्प्लिमेंट या रोगप्रतिकारक प्रथिनांच्या साखळीतला सी३ व मायक्रोग्लियावरचा सीआर३ रिसेप्टर लागतो.

पहिला प्रश्न हाच ठेवा की टोक 'गिळलं' हे कशावरून? कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात खोलीच्या दिशेने रिझोल्यूशन कमी असतं, त्यामुळे पेशीला नुसतं चिकटलेलं टोकही आत गेल्यासारखं दिसतं. म्हणून त्यांनी त्रिमित पुनर्रचना केली, लायसोसोम (पेशीतली पचनाची पिशवी) दिसावा म्हणून सीडी६८ हे प्रथिन रंगवलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीही केली. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो टीटीएक्सचा (चेतापेशींचे विद्युत संदेश थांबवणारं विष) प्रयोग. एका डोळ्याची क्रिया बंद केली, तर त्याच डोळ्याकडची टोकं जास्त गिळली जातात. हा प्रयोग नसता, तर मायक्रोग्लिया फक्त कचरा उचलतात असंही म्हणता आलं असतं. उणीवही शोधा: नॉकआउट उंदरांत सी३ किंवा सीआर३चं जनुक जन्माआधीपासून आणि सगळ्या शरीरात बंद आहे.

स्लाइसवाला: दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. पेपर सात दिवस आधी पाठवा, पण कोण कोणती आकृती सांगणार याच्या चिठ्ठ्या बैठकीतच काढा. मग सगळ्यांना सगळं वाचावंच लागतं. सुरुवातीची दहा मिनिटं पार्श्वभूमी, पुढची पस्तीस आकृत्या, उरलेली चर्चेला. आकृतीचं शीर्षक झाकून ठेवा, कारण बहुतेक शीर्षकांत निष्कर्षच लिहिलेला असतो. आधी अक्ष, मग कंट्रोल (तुलनेचा गट), मग 'एन', म्हणजे नमुन्यांची संख्या. इथे एन म्हणजे उंदीर की पेशी, हे दर वेळी विचारा. तीन उंदरांतल्या साठ पेशी म्हणजे साठ स्वतंत्र नमुने नव्हेत, आणि तसे मोजले की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) खोटीच लहान येते.

मज्जारज्जू: उपयोगी पडेल, आभार. पुढच्या आठवड्यांत अॅस्ट्रोसाइट (ताऱ्यासारख्या आकाराच्या ग्लिया पेशी) घ्यायचे आहेत. लिडेलो आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा पेपर चालेल?

पेशीवाचक: चालेल, पण एकटा नको. सक्रिय मायक्रोग्लियातून आलेले आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही प्रथिनं मिळून अॅस्ट्रोसाइटना 'ए१' (चेतापेशींना घातक) करतात, हे त्यात उत्तम दाखवलंय. पण ए१-ए२ (घातक-उपकारक) ही दोनच खान्यांची विभागणी अपुरी असल्याचं २०२१ च्या एस्कार्टिन आणि इतरांच्या सहमतीपत्रात स्पष्ट म्हटलंय. लागोपाठच्या दोन बैठकांत दोन्ही वाचा.

जीएफएपीवरही (अॅस्ट्रोसाइट ओळखायला रंगवतात ते प्रथिन) लक्ष ठेवा. निरोगी उंदराच्या कॉर्टेक्समध्ये बऱ्याच अॅस्ट्रोसाइटमध्ये ते रंगवून दिसण्याइतकं नसतं. त्यामुळे जीएफएपी वाढलं म्हणजे पेशी वाढल्या असं धरता येत नाही. एएलडीएच१एल१ किंवा एसओएक्स९ या अॅस्ट्रोसाइटच्या दुसऱ्या खुणा सोबत मोजल्यात का ते बघा.

स्लाइसवाला: तसंच मायक्रोग्लियाची नेहमीची खूण असलेल्या आयबीए१चं. रक्तातून आलेले मॅक्रोफेजही (भक्षक पेशी) त्याने रंगतात, म्हणून इजेच्या पेपरमध्ये पी२आरवाय१२ किंवा टीएमईएम११९ या मायक्रोग्लियाच्या खास खुणा शोधा. मात्र मायक्रोग्लिया सक्रिय झाल्यावर या दोन्हींचं प्रमाण घटू शकतं, त्यामुळे खूण दिसली नाही एवढ्यावरून ती पेशी मायक्रोग्लिया नव्हेच असं ठरवू नका.